एक्ससी आणि लांब पल्ल्यासाठी ट्यूबलेस टायर: कोणते घ्यावेत, कसे ठरवावेत?

चढवाट

मंडळी, टायर बदलायचेत आणि वाचून वाचून डोकं पार भंजाळलंय म्हणून इथे विचारतोय.

सायकल २९ इंची चाकांची हार्डटेल माउंटन बाइक आहे (मागे सस्पेन्शन नाही), पुढे १०० मिमीचा सस्पेन्शन फोर्क, रिमची आतली रुंदी २५ मिमी. रिमवर ट्यूबलेस रेडी (म्हणजे ट्यूब न घालता, आत गळती बुजवणारं पातळ सीलंट टाकून चालवता येईल) असं छापलेलं आहे पण आत्तापर्यंत ट्यूब घालूनच चालवतोय, टायर २.१ इंच रुंद. माझं वजन ७२ किलो. वापर दोन प्रकारचा, एक म्हणजे तास-दीड तासाच्या लॅपवाल्या एक्ससी (क्रॉस-कंट्री) रेस, आणि दुसरं ज्यात मला खरा रस आहे ते म्हणजे लांबचं, ८०-१०० किमी, अख्खा दिवस सीटवर, त्यात थोडं डांबर, बराच कच्चा रस्ता आणि मधेमधे सिंगल ट्रॅक (एकच सायकल जाईल अशी अरुंद वाट), सुटे दगड, मुळं वगैरे.

सध्याचा त्रास म्हणजे मागचं चाक दगडावर आपटलं की ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं, ठरलेलं. ते टाळायला हवा वाढवली की सायकल दगडांवर नाचते आणि वळणावर पुढचं चाक सुटतं.

यादीत आत्ता आयकॉन, रेकॉन रेस, अस्पेन, रेसिंग राल्फ, मेझकाल, बार्झो, रेस किंग एवढी नावं आहेत. यातलं काय घेऊ? रुंदी किती? पुढेमागे एकच घ्यायचा का वेगळा?

---

सुटी_खडी

दोन शेजारी शेजारी भोकं म्हणजे स्नेक बाइट, ट्यूब टायर आणि रिमच्या मधे चिमटली जाते. ट्यूबलेस केलंत की चिमटायला ट्यूबच नाही त्यामुळे तो प्रश्न बराचसा सुटेल, आणि हवा कमी ठेवता येईल त्यामुळे नाचणं पण थांबेल. तुमचे दोन्ही त्रास एकाच कामात जातील.

पण एक लक्षात ठेवा, हवा फारच कमी झाली तर टायरचं केसिंगच (आतलं कापड) रिमच्या कडेवर चिमटून फाटू शकतं आणि तिथे सीलंट काही करू शकत नाही. म्हणून टायर हलका किती यापेक्षा केसिंग कसं आहे हे आधी बघा.

---

वेग_आधी

रेस पण करायच्या आहेत ना, मग वजनाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. चाकाच्या कडेचं वजन सर्वात जास्त जाणवतं, प्रत्येक वळणानंतर परत वेग घ्यायचा असतो. हलकं केसिंग, १२० टीपीआय (कापडात इंचाला १२० धागे), मागे अस्पेन किंवा रेस किंगसारखा बुटक्या नॉबचा (म्हणजे रबरी उंचवट्यांचा) टायर, पुढे रेकॉन रेस. २.२५ पुरे. माझं मत.

---

लांबचा_पल्ला

चढवाट, सविस्तर लिहितो कारण टायर निवडताना बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. आधी नॉबचा पॅटर्न बघतात, मग वजन, मग किंमत, आणि केसिंग शेवटी बघतात किंवा बघतच नाहीत. क्रम असा असायला हवा की आधी केसिंग, मग रुंदी, मग रबर, आणि पॅटर्न त्यानंतर.

केसिंग म्हणजे टायरचं कापड. टीपीआय म्हणजे एका इंचात किती धागे. १२० टीपीआयमध्ये धागे बारीक, त्यामुळे टायर लवचिक आणि हलका, दगडावरून जाताना नीट दबतो आणि पळतो छान. ६० टीपीआयमध्ये धागे जाड, वजन जास्त पण मार जास्त खातो. मात्र नुसत्या टीपीआयवर जाऊ नका कारण त्यावर कंपनी संरक्षणाचा थर देते का ते जास्त महत्त्वाचं. मॅक्सिस कंपनीच्या टायरवर एक्सो लिहिलेलं असेल तर साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) कापली जाऊ नये म्हणून थर आहे. श्वाल्बेमध्ये सुपर रेस हे हलकं केसिंग आणि सुपर ग्राउंड त्याहून दणकट. कॉन्टिनेंटलमध्ये प्रोटेक्शन. म्हणजे एकाच नावाचा टायर दोन-तीन केसिंगमध्ये मिळतो आणि चालवताना ते जवळजवळ वेगळेच टायर असतात, म्हणून 'अमुक टायर चांगला' एवढं ऐकून घेऊ नका, कोणत्या केसिंगमधला ते विचारा.

आता वजनाचं. वेग_आधी म्हणतात ते छोट्या रेससाठी बरोबर आहे, पण आकडा मांडून बघा. दणकट केसिंगमुळे दोन्ही टायर मिळून समजा २०० ग्रॅम वाढले. तुम्ही, सायकल, पाणी, सामान धरून ८५ किलोच्या आसपास. २०० ग्रॅम म्हणजे पाव टक्क्याहूनही कमी. उभ्या चढावर एक तास लागत असेल तर फरक साधारण ८ सेकंदांचा. चाकाच्या कडेचं वजन वेग घेताना जास्तीत जास्त दुप्पट धरायचं, तरी ते फक्त वेग घेतानाच, एकसारख्या चढावर नाही. आणि साइडवॉल फाटली तर बसून दुरुस्त करायला कितीही हात चालला तरी दहा-पंधरा मिनिटं जातात, कधीकधी तो दिवसच संपतो. लांब पल्ल्यात हा हिशोब मला तरी अगदी सरळ वाटतो.

केप एपिकसारखी आठ दिवसांची, रोज एक टप्पा असलेली माउंटन बाइक स्टेज रेस बघा, तिथे दोघांची टीम असते आणि जोडीदाराचा टायर फाटला तर दुसऱ्याला पण थांबावं लागतं. अशा ठिकाणी सर्वात हलका टायर लावणं म्हणजे दोघांचा दिवस पणाला लावणं.

---

वेग_आधी

हिशोब मान्य. पण सगळीकडे फाडणारे दगड नसतात. माझ्याकडे बहुतेक मातीचा कडक ट्रॅक आहे आणि तिथे हलक्या केसिंगचा फरक पायाला स्पष्ट कळतो, वजनापेक्षा लवचिकपणामुळे. जाड साइडवॉलचा टायर लाकडासारखा लागतो.

---

लांबचा_पल्ला

हो, हा मुद्दा पूर्ण बरोबर आहे. लवचिकपणा हे वजनाहून मोठं कारण आहे. म्हणूनच मधला मार्ग असा की पुढे लवचिक केसिंग आणि मागे संरक्षण असलेलं. पुढच्या चाकावर भार कमी असतो आणि ते तुम्ही डोळ्याने बघून नेता, मागचं चाक तुमच्या मागून जिथे जायचं तिथे जातं आणि वजन त्याच्यावरच असतं. फाटतो तो बहुतेक वेळा मागचाच.

---

पानगळ

+१. दोन्हीकडे एकच टायर घ्यायची गरज नाही. पुढच्या टायरचं काम वळणं आणि ब्रेकिंग, मागच्याचं काम पळणं आणि चढावर पकड. म्हणून पुढे कडेचे नॉब उंच आणि मोकळे, मागे मधले नॉब बुटके आणि दाट. कंपन्या पण आता असंच करतात, श्वाल्बेचा रेसिंग रे पुढचा आणि रेसिंग राल्फ मागचा. व्हिटोरियात बार्झो पुढे आणि मेझकाल मागे ही जोडी बऱ्याच जणांकडे दिसते, मेझकालच्या मधल्या नॉबची ओळ जवळजवळ सलग असल्यामुळे डांबरावर आणि कडक मातीवर मस्त पळतो.

मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस जमिनीवर. एवढं लक्षात ठेवून पुढच्या टायरवर कंजुषी करू नका.

रबराबद्दल पण तेच. पुढे मऊ, मागे जरा कडक. श्वाल्बे अ‍ॅडिक्समध्ये रंगाच्या रेघेवरून कळतं, लाल म्हणजे स्पीड, निळी म्हणजे स्पीडग्रिप, नारिंगी म्हणजे सॉफ्ट. एक्ससी आणि लांब पल्ल्यासाठी पुढे निळी, मागे लाल किंवा निळी. नारिंगी पकड खूप देते पण दिवसभर पायाला जड जाते आणि झिजते पण लवकर. मॅक्सिसमध्ये थ्रीसी मॅक्सस्पीड एक्ससीसाठी, मॅक्सटेरा त्याहून मऊ.

---

चढवाट

बापरे, एका दिवसात एवढं. सगळ्यांचे आभार. रुंदीबद्दल मात्र अजून गोंधळ आहे, २.२५ का २.४? रुंद टायर जड पळतो ना?

---

मातीवास

हा समज डांबरावर आणि जास्त हवेच्या जमान्यात तयार झालेला आहे. दगडगोट्यांवर जेव्हा टायर कडक असतो तेव्हा प्रत्येक दगडावर सायकल आणि तुम्ही दोघेही वर उचलले जाता, ती ताकद कुठून येते, तुमच्या पायातूनच. टायर दबला तर दगड टायरमध्येच मुरतो आणि सायकल सरळ पुढे जाते. म्हणून खडबडीत जमिनीवर कमी हवेचा रुंद टायर बऱ्याचदा जास्त वेगाने पळतो, आणि दिवसाच्या शेवटी पाठ आणि मनगटं शाबूत राहतात हा लांब पल्ल्यातला मोठा फायदा. गुळगुळीत रोलरवर केलेल्या टेस्टमध्ये जास्त हवा जिंकते कारण तिथे उसळी हा प्रकारच नसतो, त्यामुळे ते आकडे टायरची आपापसात तुलना करायला चांगले पण हवा किती ठेवायची ते ठरवायला नाहीत.

एक्ससी रेसमध्येही २.१च्या खालचे टायर जाऊन आता २.३५-२.४ सर्रास झालेत.

तुमच्या रिमची आतली रुंदी २५ आहे तर मी २.३५च्या आसपास सांगेन. मॅक्सिसचे डब्ल्यूटी (वाइड ट्रेल) लिहिलेले २.४ टायर मुळात ३० ते ३५ मिमी आतल्या रुंदीच्या रिमसाठी आकारलेले आहेत, २५वर बसतील, चालतील, पण टायर बल्बसारखा गोल होतो आणि हवा कमी असली की वळणावर कडेला झुकल्यासारखा वाटतो. आणि विकत घ्यायच्या आधी मागे फ्रेममध्ये जागा मोजा, टायर आणि फ्रेमच्या मधे सगळीकडून निदान ६ मिमी तरी हवी, चिखल असेल तर जास्त. टायरवर छापलेली रुंदी आणि प्रत्यक्ष रुंदी यात फरक असतो, शिवाय हवा भरून दोन-चार दिवसांत केसिंग थोडं ताणून रुंद होतं, ते धरून मोजा.

---

दाबमापक

टायर कोणताही घ्या, हवा चुकली तर सगळं वाया, म्हणून इथे जरा वेळ देतो.

७२ किलो, २.३५, ट्यूबलेस, हार्डटेल यासाठी सुरुवात पुढे २० आणि मागे २२-२३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) अशी करा. मग ओळखीच्या एकाच छोट्या चक्करवर, ज्यात एक दगडी उतार आणि एक जोरदार वळण आहे, पुन्हा पुन्हा जा आणि दर वेळी एकेक पीएसआय कमी करा. दोन गोष्टींकडे लक्ष द्या. मागची रिम दगडावर टणकन लागली का, आणि वळणावर टायर कडेला लोळतोय का. दोन्हीपैकी काहीही झालं की १ ते २ पीएसआय परत वाढवा, तो तुमचा आकडा. लिहून ठेवा. हार्डटेलला मागे नेहमी पुढच्यापेक्षा जास्त लागते.

साधा पंपावरचा गेज २० पीएसआयच्या भागात नीट वाचता येत नाही, काटा जेमतेम हललेला असतो. वेगळा डिजिटल गेज घ्या, आणि कायम तोच वापरा, कारण दोन गेज एकमेकांशी जुळत नाहीत पण एकच गेज स्वतःशी जुळतो.

अजून एक, लांब पल्ल्यात हवामान आणि उंची बदलते. सकाळी १० अंशात २२ भरले आणि दुपारी ३० अंश झाले तर टायरमध्ये अडीच पीएसआयच्या आसपास वाढ होते. खालून २००० मीटर वर चढून गेलात तर बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे अजून तीन पीएसआय. म्हणजे वर पोचेपर्यंत २२चे २७ झालेले असतात आणि नेमका तिथूनच उतार सुरू होतो. उतरायच्या आधी गेज लावून बघा, थोडी हवा सोडा. परत खाली आल्यावर भरावी लागेल हे पण लक्षात असू द्या.

---

सुटी_खडी

दाबमापक यांचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवण्यासारखा आहे. उंचीचं कोणी सांगतच नाही.

---

चढवाट

ठरलं. मागे मेझकाल, पुढे बार्झो, दोन्ही २.३५, मागचा संरक्षणवाल्या केसिंगमध्ये. फ्रेममध्ये जागा मोजली, बसतंय. आता बसवायचं कसं? कॉम्प्रेसर नाही, साधा उभा पंप आहे.

---

स्पोक_आणि_निपल

उभ्या पंपाने पण होतं, तयारी नीट हवी. आधी रिम टेप, म्हणजे रिममधली स्पोकची भोकं हवाबंद करणारी पट्टी. टेपची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मिमी जास्त घ्या म्हणजे तुम्हाला २८ च्या आसपास. रिम स्पिरिटने पुसून कोरडी करा, बोटाचं तेल राहिलं की तिथूनच टेप सुटते. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरू करा, चांगली ताणून लावत या, आणि शेवटी दहा-बारा सेंटीमीटर एकावर एक येऊ द्या. मग अंगठ्याने मधली खाच दाबत पूर्ण फेरी मारा. खाचेत हवेचे फुगे दिसले तर तिथे टेप चिकटलेली नाही. व्हॉल्व्हचं भोक पात्याने मोठं कापू नका, तापवलेल्या टोकदार सुईने किंवा बारीक टोच्याने गोल पाडा, कापलं तर चीर पुढे पळते.

टायर घालताना बीड (टायरची रिममध्ये अडकणारी कड) दोन्ही बाजूंनी रिमच्या मधल्या खोल खाचेत ढकला म्हणजे हाताने चढतो, लिव्हरची गरज कमी लागते. टायरवरचा बाण बघा, उलटा बसवला तर सगळं परत काढावं लागेल. आता बीडला साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हचा कोअर (आतला फिरवून निघणारा भाग) काढा म्हणजे हवा जोरात आत जाते, आणि पंप धडाधड मारा. थोड्या वेळाने टक, टक असे आवाज येतात, तो बीड आपल्या जागेवर बसतोय. साइडवॉलवर रिमच्या अगदी जवळ एक बारीक उंच रेघ असते, ती सगळीकडून रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत बुडालेली दिसली तर तिथे बीड बसलेला नाही, परत साबणाचं पाणी आणि परत हवा. रिमवर आणि टायरवर जास्तीत जास्त दाब छापलेला असतो, दोन्हीतला जो कमी त्याच्या वर जाऊ नका, आवाज येईना म्हणून भरत बसणं धोक्याचं आहे.

तरी नाही बसला तर एक युक्ती. ट्यूब घालून फुगवा, एक रात्र ठेवा, मग एकाच बाजूचा बीड काढून ट्यूब बाहेर. एक बाजू आधीच बसलेली असल्यामुळे उरलेली बाजू पंपाने बसते. नवा टायर घडी घालून आलेला असतो, त्याचे वळ पण या निमित्ताने जातात.

सीलंट शेवटी, कोअरच्या जागेतूनच, प्रत्येकी १०० मिली. मग चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी हलवा आणि गोल फिरवा. आणि लगेच एक छोटी फेरी मारून या, भिंतीला टेकवून ठेवू नका.

---

चढवाट

बसला! पुढचा पहिल्याच वेळी, मागच्याला ट्यूबवाली युक्ती लागली. पण मागच्या साइडवॉलवर बारीक बारीक पांढरे ओले ठिपके आलेत आणि सकाळपर्यंत निम्मी हवा गेली. टायर खराब निघाला का?

---

स्पोक_आणि_निपल

नाही, घाम येतोय असं समजा. ट्यूबलेस रेडी टायर मुळातच पूर्ण हवाबंद नसतात, सीलंट कापडाची सूक्ष्म भोकं भरतं तेव्हा ते हवाबंद होतात. पूर्वीचे यूएसटी टायर, जे माविक, हचिन्सन आणि मिशलिन यांनी १९९९ मध्ये आणले, ते सीलंटशिवाय हवा धरायचे पण त्यासाठी आतून जाड रबर असायचं आणि वजन वाढायचं. आत्ताचे हलके आहेत ते त्यामुळेच. चाक रात्री दहा-बारा तास एका कुशीवर आडवं ठेवा, बादलीवर ठेवलंत तरी चालेल, मग दुसऱ्या कुशीवर. दोन-तीन राइडमध्ये थांबेल. थांबलं नाही तर व्हॉल्व्हच्या बुडाशी आणि स्पोकच्या भोकांशी साबणाचं पाणी लावून बघा, तिथे बुडबुडे आले तर टेपचा प्रश्न आहे, टायरचा नाही.

आणि सीलंट कायमचं नसतं. त्यातलं लेटेक्स (पातळ रबर) वाळतं, उन्हाळ्यात लवकर. दर दोन-तीन महिन्यांनी कोअर काढून आत बारीक काडी बुडवून बघा, ओली आली तर ठीक, कोरडी आली तर भरा.

---

पानगळ

इन्सर्टचं कोणी बोललं नाही. फोमचं कडं टायरच्या आत बसतं, रिम वाचते आणि बीड जागेवर राहतो. एक्ससीसाठी हलके पण मिळतात, तरी मागे एक म्हणजे पन्नास ते दीडशे ग्रॅम आलेच, आणि वाटेत ट्यूब टाकायची वेळ आली तर तो चिकट फोम बाहेर काढून सोबत न्यावा लागतो. ७२ किलोला, योग्य हवेवर, मी तरी नाही सुचवणार. वजन जास्त असेल आणि ट्रॅक सगळा धारदार दगडांचा असेल तर वेगळी गोष्ट.

---

चढवाट

घाम थांबला, हवा टिकतेय, आणि पुढे १९, मागे २२वर आलोय. वळणावर पुढचं चाक जिथे सुटायचं तिथे आता धरतंय, खूपच बरं वाटतंय. शेवटचा प्रश्न, लांबच्या राइडला सोबत काय काय न्यायचं?

---

लांबचा_पल्ला

प्लगचं टूल (टायरचं भोक बुजवायचं) आणि त्यात आधीच ओवलेली रबरी वात, हाताला येईल अशा जागी, बॅगेच्या तळाशी नाही. काटा किंवा छोटं भोक सीलंट स्वतः भरतं, तीन-चार मिमीच्या वर गेलं की फुसफुस चालूच राहते. अशा वेळी चाक फिरवून भोक खाली आणा म्हणजे सीलंट तिकडे जाईल, आणि हवा शिल्लक असतानाच वात ठोसून टूल सरळ मागे ओढा. वातीची दोन्ही टोकं बाहेर अर्धा सेंटीमीटर दिसली पाहिजेत, पूर्ण आत ढकललीत तर धरणार नाही.

छोटा पंप पण न्याच, फक्त सीओटूच्या (कार्बन डायऑक्साइड) छोट्या नळकांडीवर राहू नका, कारण काही लेटेक्स सीलंट त्या थंड गॅसने गोळा होतात. बाटलीवर लिहिलेलं असतं ते वाचा आणि सीओटू मारताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा.

साइडवॉलला लांब चीर गेली तर वात उपयोगाची नाही. त्यासाठी जुन्या टायरचा कापलेला तुकडा, जाड सुई आणि दात साफ करायचा दोरा एवढं पाकिटात ठेवा. आतून तुकडा, बाहेरून चार टाके, आणि मग ट्यूब.

---

सुटी_खडी

आणि ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून पूर्ण गोल हात फिरवा, सावकाश, हातमोजा घालून. ट्यूबलेसमध्ये काटे घुसून तसेच राहतात, सीलंटने बंद केलेले असतात म्हणून तुम्हाला इतके दिवस कळलेलेच नसतात, आणि ते सगळे आतल्या बाजूला टोक काढून बसलेले असतात. एकेक पकडीने काढा. नाहीतर सोबत आणलेली एकुलती एक ट्यूब पहिल्या शंभर मीटरमध्येच जाते.